विनूचं गाऱ्हाणं

महिनाअखेर आमची चाळीतली खोली बिल्डरच्या ताब्यात द्यायची आहे, म्हणून गेल्या रविवारी मी मुलुंडहून जोगेश्वरीला गेलो. विनू, माझा धाकटा भाऊ, तिथेच राहतो. मी लग्न झाल्यावर बाहेर पडलो, तो आईजवळ राहिला, आणि दोन वर्षांपूर्वी आई गेल्यावर एकटाच राहिला. मी पोचलो तोवर त्याने निम्मं सामान बांधलं होतं. भांडी एका पोत्यात, देव हळदकुंकवासकट एका ताटात, आईच्या साड्या सुतळीने बांधून खाटेवर. देवांची फळी काढल्यामुळे भिंतीवर तिच्या मापाचा एक स्वच्छ पट्टा उमटला होता आणि वरच्या बाजूला समईच्या काजळीचा डाग. जवळ गेलं की तेलाचा, कापराचा, जुन्या चुन्याचा वास येत होता.

खरं म्हणजे सामान आवरायला माझी गरज नव्हती. मला विनूला एक प्रश्न विचारायचा होता. शेवटच्या दोन दिवसांत आईने माझं नाव घेतलं होतं का? दोन वर्षं मी हा प्रश्न विचारायचं टाळतो आहे. विचारायला जीभ धजत नव्हती असंही नाही. विनू जे सांगेल त्यावर विश्वास कसा ठेवायचा हे मला कळत नाही, आणि ते कळत नाही याचा दोष सर्वस्वी माझा आहे.

तो चहा ठेवायला गेला आणि मी खिडकीशी उभा राहिलो. खाली चौकात आता दोन टेम्पो आणि पाण्याचा एक टँकर उभा असतो. आमच्या लहानपणी भाद्रपदात तिथे मांडव पडायचा.

तेव्हाच्या चाळीला वासांवरून वेळ कळत असे. पहाटे पलीकडच्या तबेल्यातून शेण आणि ओल्या गवताचा वास यायचा. सकाळी नऊला प्रत्येक दारातून रॉकेलचा. दुपारी कुणीतरी सुकट भाजायचं आणि चाळीतल्या सगळ्या मांजरांना एकदम जाग यायची. संध्याकाळी बाबा गिरणीतून आले की त्यांच्या सदऱ्याला कापसाच्या धुळीचा एक गोडसर कुबट वास असे. तो मला नंतर कुठेच भेटला नाही. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र हे सगळे वास मागे पडत. उदबत्ती, दूर्वा, ओला नारळ आणि मांडवाच्या ताडपत्रीचा तापलेला वास, यांच्यातच आम्ही दहा दिवस राहायचो.

त्या दिवसांतला विनू मला अजून स्पष्ट दिसतो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, काटकुळा, कानांच्या पाळ्या मोठ्या, आणि आवाज असा खणखणीत की तिसऱ्या मजल्यावरून दूधवाल्याला थांबवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याला खोटं बोलता यायचं नाही. कुणी शिकवलं म्हणून नव्हे. आमच्या घरात सगळेच वेळेला थोडंफार इकडचं तिकडे करत. तो जन्मालाच तसा आला होता. जे दिसलं ते तोंडातून बाहेर. एकदा गिरणीतले मुकादम आमच्याकडे जेवायला आले. बाबांनी त्यांच्यासाठी मुद्दाम सुरमई आणली होती. विनू त्यांच्या ताटासमोर उकिडवा बसला, त्यांना निरखून पाहिलं आणि आईला विचारलं, 'आई, बाबा बैल म्हणतात ते हेच काका ना?'

बाबांचा घास हातातच राहिला. मुकादम मोठ्या मनाचे असावेत, कारण ते हसले आणि त्यांनी सुरमईचा आणखी एक तुकडा मागून घेतला. पण ते गेल्यावर बाबा आईला म्हणाले, 'ह्यो पोरगो एक दिवस माझी अब्रू वेशीर टांगतलो, बघ तू!'

आई भांडी गोळा करत होती. म्हणाली, 'स्वभावाक औषध नाय. कोंबो आरवलो म्हणान तेका मारतास काय?'

त्याचं हे बोलणं नुसतं अडचणीत आणणारं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. सकाळी उठल्याउठल्या तो मला सांगायचा, 'दादा, तू झोपेत रडत होतास.' आईला सांगायचा, 'आज तू बाबांवर रागावली आहेस ना? चपात्या जाड केल्यास.' शेजारच्या म्हाताऱ्या वहिनींना त्याने एकदा विचारलं, 'तुमच्याकडे कोणी येत का नाही?' आणि त्या पदर डोळ्याला लावून त्याला आत घेऊन गेल्या, खोबऱ्याची वडी दिली, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी तो त्यांच्याकडे जाऊन बसू लागला. आम्ही सगळे ज्या गोष्टींना वळसा घालून जायचो, त्या गोष्टींच्या दारावर हा पोरगा सरळ टकटक करायचा.

मी त्याच्या अगदी उलटा. लपवणं हा माझा उपजत गुण. फुटलेला कप मी जमिनीत पुरला आहे, नको असलेली भाजी खिशातून बाहेर नेली आहे. चेहरा असा गरीब ठेवायचो की चाळीत मला गुणी मुलगा म्हणत. गंमत अशी की माझ्या स्वभावाला सगळे संस्कार म्हणायचे आणि विनूच्या स्वभावाला खोड.

मी दहावीत होतो त्या वर्षीची गोष्ट. गणपतीच्या आधी शाळेत चाचणी परीक्षा झाली आणि गणितात मला चाळीसात अकरा मार्क पडले. पेपरवर वडिलांची सही आणायची होती. बाबांनी गिरणीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की थोरला इंजिनियर होणार. मी तो पेपर घडी घालून खाटेखालच्या ट्रंकेखाली सरकवला आणि घरी सांगितलं, पेपर अजून मिळाले नाहीत. हे फक्त विनूला ठाऊक होतं, कारण ट्रंक सरकवताना तो खाटेवर झोपेचं सोंग घेऊन पडला होता. मी त्याला देवाची शपथ घातली. तो म्हणाला, 'बाबांना नाही सांगणार.' आणि त्याने तो शब्द पाळला, त्याच्या पद्धतीने.

आमच्या चाळीत बहुतेक सगळे मालवणकडचे. त्यामुळे विसर्जनाला मूर्ती उचलण्याआधी गाऱ्हाणं व्हायचंच. तात्या म्हणून एक म्हातारे होते, कानाने अधू, पण आवाज देवळातल्या घंटेसारखा. डोक्यावर पांढरी टोपी, हातात नारळ, डोळे मिटलेले. ते देवाला साद घालत, 'बा देवा महाराजा!' आणि सगळी चाळ एका आवाजात म्हणे, 'व्हय महाराजा!' तात्या सांगत, 'ही तुझी लेकरां आज हयसर जमली हत.' 'व्हय महाराजा!' 'जा काय चुकला माकला असात, ता पदरात घे.' 'व्हय महाराजा!' अर्थाकडे कुणाचं लक्ष नसे. तात्यांनी श्वास घेतला की आपोआप तोंडातून व्हय महाराजा बाहेर पडायचं. त्या आवाजाने मांडवाची ताडपत्री थरथरायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

तात्यांचं झालं की ते विचारायचे, 'आणि कोणाचा काय मागणा असा?' मग कुणी मुलीच्या लग्नासाठी मागे, कुणी गावच्या जमिनीच्या खटल्यासाठी. त्या वर्षी गर्दीतून वाट काढत नऊ वर्षांचा विनू पुढे गेला. नवीन हाफ पँट, कपाळाला गुलाल. तात्यांना कौतुक वाटलं. त्यांनी नारळ त्याच्या हातात दिला. विनूने अगदी तात्यांसारखे डोळे मिटले आणि तो खणखणीत आवाज लावला.

'बा देवा महाराजा! माझो दादा गणितात नापास झालो हा!'

'व्हय महाराजा!' सगळी चाळ म्हणाली. बाबासुद्धा म्हणाले.

'तेका चाळीसात अकरा मार्क पडले हत!'

'व्हय महाराजा!'

'तेना पेपर ट्रंकेखाली लपवून ठेवल्यान हा, बाबांका सांगूक नाय!'

आता आवाज निम्मा झाला. लोकांना शब्द ऐकू यायला लागले होते. विनूचे डोळे मिटलेलेच होते. 'पण माझो दादा चांगलो असा,' तो म्हणाला, आणि त्याचा आवाज थोडा कापला. 'तेका दहावीक पास कर, आणि बाबांका राग येव नये असा कर रे महाराजा!'

'व्हय महाराजा!' एकटे तात्या म्हणाले. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग मांडव हसला. आमची सगळी चाळ, तीन मजले, बायका, पोरं, ढोलवाले, सगळे हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. ते घरी गेले, ट्रंक सरकवली, पेपर काढला, सही केली आणि माझ्या दप्तरावर ठेवून विसर्जनाला निघून गेले. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. पुढे कितीतरी महिने चाळीतली पोरं मला पाहिलं की ओरडायची, 'अकरा महाराजा!'

देवापुढे नऊ वर्षांच्या पोराने माझ्यासाठी जे मागितलं, तसं निखळ माझ्यासाठी पुन्हा कुणीही काही मागितलेलं नाही. पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त ते हसू होतं. मी विनूला रिकाम्या मांडवामागे नेलं. त्याला वाटलं मी खूश आहे. त्याने मला विचारलंही, 'झकास बोललो ना, दादा?' मी त्याचा दंड आवळला आणि सांगितलं, 'आजपासून काहीही बोलायच्या आधी मनात दहा मोजायचे. मग विचार करायचा, हे ऐकून समोरच्याला बरं वाटेल का? नाही वाटणार असेल तर गिळून टाकायचं. हे जमेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही.'

आणि मी बोललो नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, एकाच गोधडीत झोपून, अनंत चतुर्दशीपासून माझी दहावीची परीक्षा संपेपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. त्याने पाणी दिलं तर घ्यायचो, पण त्याच्याकडे बघायचो नाही. आईने दोनदा समजावलं, एकदा रडली. मी गुणी मुलगा होतो, अभ्यास करत होतो, त्यामुळे माझं कुणी फारसं काही वाकडं केलं नाही. विनू सुरुवातीला माझ्यामागे फिरायचा. मग हळूहळू माझ्या डोळ्यांदेखत तो शिकू लागला. तोंड उघडायचा, काहीतरी ओठांवर आलेलं असायचं, मांडीवर बोटं हलायची, आणि तोंड मिटायचा. गळ्यातली घाटी वर जाऊन खाली यायची.

त्या थंडीतली एक दुपार मी विसरू शकत नाही. विनू शाळेतून उशिरा येतो म्हणून आईने मला बघायला पाठवलं. तो गुंफेत जातो असं कुणीतरी म्हणालं. जोगेश्वरीची गुंफा आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. आत देवीचं देऊळ, बाकी अंधार, छतातून ठिबकणारं पाणी, वटवाघळांचा उग्र वास आणि पायाखाली कायमची ओल. मी खांबाआड थांबलो, कारण मला त्याचा आवाज ऐकू आला. मोठा, मोकळा, पूर्वीसारखा. तो एकटाच एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि दिवसभराचं गिळलेलं सगळं भिंतीला सांगत होता. 'सरांच्या शर्टाचं बटण तुटलंय. वहिनींचे पाय सुजलेत, त्या कोणाला सांगत नाहीत. आईने आज फक्त भात खाल्ला. मला भूक लागलीय.' प्रत्येक वाक्य भिंतीवर आपटून परत यायचं आणि तो ते जाईपर्यंत थांबायचा. मग म्हणाला, 'दादा माझ्याशी बोलत नाही.' आणि पुन्हा एकदा म्हणाला, जरा हळू.

मी चार पावलं पुढे झालो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. मी मागच्या मागे फिरलो. घरी येऊन आईला सांगितलं, सापडला नाही. मला त्याची दया आली होती हे मला पक्कं आठवतं, आणि दया येऊनही मी परत फिरलो, कारण माझं औषध लागू पडतंय असं मला दिसत होतं. याबद्दल स्वतःला माफ करणं मला अजून जमलेलं नाही.

परीक्षा संपली त्या दिवशी मी त्याला म्हटलं, 'चल विनू, गोळा खाऊ.' सहा महिन्यांनी माझा आवाज ऐकून तो दचकला. मी दोघांसाठी कालाखट्टा घेतला. कालाखट्टा त्याला मुळीच आवडत नसे. त्याने काडीपर्यंत चोखून खाल्ला आणि म्हणाला, 'मस्त आहे, दादा.'

त्यानंतर विनू सगळ्यांचा लाडका झाला. किती समजूतदार, किती शांत, थोरल्याचं वळण घेतलं हो, असं चाळ म्हणायची, आणि मी ते कौतुक मान हलवून घ्यायचो. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून त्याने तीस वर्षं काढली. तिथे त्याचं कुणाशी कधी वाजलं नाही. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, 'तुमच्या मनासारखं करा.' आमची मनं काही जुळली नाहीत आणि त्याचं लग्न राहून गेलं. कारखान्यातली एक मुलगी त्याला आवडत होती, हे मला पंधरा वर्षांनी तिसऱ्याच माणसाकडून समजलं. मी त्याला विचारलं तर हसला. 'सोड ना यार, आता काय त्याचं?'

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. विनूची गेली. मी घालवली, आणि तो नऊ वर्षांचा होता.

आई आजारी होती तेव्हा मी आठवड्यातून एकदा जोगेश्वरीला जायचो. त्या शनिवारी मुलुंडला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होती आणि मी सेक्रेटरी. खुर्च्या मांडून घेत होतो तेवढ्यात विनूचा फोन आला. 'दादा, आईचं जरा...' म्हणाला आणि थांबला. मी ते थांबणं ऐकलं. फोनमध्ये मागे आईचा आवाज येत होता, ती काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती, शब्द मला लागत नव्हते. मग विनू म्हणाला, 'काही नाही रे, जेवण कमी झालंय. तू सावकाश ये. घाई नाही.' तो का थांबला होता, हे जगात एकट्या मला कळायला हवं होतं. कळलं नाही असंही म्हणवत नाही. मी म्हटलं, 'बरं, उद्या येतो मग,' आणि पाणीगळतीच्या विषयाकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला तेव्हा ती गेली होती. मी पोचलो, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय धुऊन पुसलेले होते, टाचांच्या भेगांना त्याने खोबरेल लावलं होतं. 'शेवटी काही म्हणाली का?' मी विचारलं. विनू म्हणाला, 'नाही रे. झोपेतच गेली.' त्याचा स्वर इतका मायेचा होता की मला त्या क्षणी बरं वाटलं. बरं वाटलं, आणि म्हणूनच मला संशय आला.

तिने मला हाक मारली असेल तर ती माझी वाट बघत गेली. मारली नसेल तर तिने मला केव्हाच सोडून दिलं होतं. यातलं कुठलं सोसवेल हे मला माहीत नाही. पण खरं काय ते जाणणारा माणूस एकच आहे.

विनूने चहा आणला. कप बांधून झाले होते म्हणून स्टीलच्या दोन पेल्यांत. आम्ही खाटेवर आईच्या साड्यांच्या दोन बाजूंना बसलो. त्याचे केस पांढरे झालेत, कानांच्या पाळ्या तेवढ्या तशाच आहेत. मी म्हटलं, 'विनू, मी तुला एक विचारतो. तुला मी लहानपणी जे शिकवलं, ते चुकीचं होतं. मी तुझ्याशी फार वाईट वागलो.'

'अरे, काय दादा तू पण! तुझ्यामुळे तर माणसांत आलो.'

'ऐक. आईने त्या दोन दिवसांत माझं नाव घेतलं होतं?'

खाली टँकरवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, 'मला वाईट वाटेल म्हणून लपवू नकोस. मला खरं हवंय.'

त्याने पेला खाली ठेवला, साड्यांवरून हात लांब करून माझा हात धरला. त्याच्या चेहऱ्यावर कुठे टोमणा नव्हता, राग नव्हता. घरी आलेल्या माणसाला साखर किती विचारावी तसा तो माझ्याकडे बघत होता.

'खरंच सांगणार ना दादा,' तो म्हणाला. 'तुला काय ऐकायचंय, ते फक्त सांग.'